मार्च लागला की प्लास्टिकचा चुरा चिकट होतो: दोष तेलाच्या साबणाचा की पाण्याचा?

दर वर्षी एकच रड. जून ते जानेवारी धुलाई झकास चालते आणि मार्च लागला की धुतलेला चुरा हाताला मेणकट लागायला लागतो. वाळवणाच्या ताडपत्रीवर पांढरट पापुद्रे पडतात, गोणीत भरलेला माल दोन दिवसांत एकमेकाला धरून त्याची ढेकळं होतात, टाकीच्या कडेला राखाडी लोण्यासारखा थर बसतो. तोच माल चुरा वितळवून प्लास्टिकचा दाणा काढणाऱ्याकडे गेला की त्याच्या मशीनच्या तोंडाशी धूर, आणि मग मला फोन: "वहिनी, हा माल धुतलाय की तळलाय?"

आमची शेड गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, शापोरा खाडीपासून थोडी आत. गाडे, खानावळी आणि किनाऱ्यावरचे शॅक यांचं तळून उरलेलं तेल आणायचं, कॉस्टिक पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) त्याचा मऊ साबण करायचा आणि त्या साबणाने भंगारातल्या पेट (पाण्याच्या, शीतपेयांच्या पारदर्शक) बाटल्यांचा आणि एचडीपीईच्या (जाड, अपारदर्शक प्लास्टिकच्या) कॅनचा चुरा धुवायचा, हा उद्योग. साबण विकत आणत नाही, डबे घासायच्या पावडरीचा खर्च नाही, आणि तेल गटारात जात नाही. ज्यांनी असंच काही सुरू केलंय आणि ज्यांचा चुरा उन्हाळ्यात चिकटतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हाला कारण सापडायला दोन उन्हाळे लागले. खरं तर कारण आमच्या जेवणाच्या पातेल्यात होतं.

तेलावर संशय का गेला ते आधी सांगते, कारण तुमचाही तिकडेच जाईल. ऑक्टोबरात शॅक उघडतात, पर्यटक येतात, तेल वाढत जातं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमच्याकडे येणाऱ्या तेलात मासे तळलेलं तेल भरपूर असतं: रवा, मसाला, हळद, जळका गाळ आणि तो वास. पावसाळ्यात शॅक बंद, म्हणजे भजी आणि मिरच्यांच्या गाड्यांचं पामतेल तेवढं, आणि चवथीच्या आगेमागे नेवऱ्यांचं घरगुती तेल. म्हणजे साबण बिघडतो तेव्हाच तेलही बदललेलं असतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की माणूस डोळ्यांना दिसणारीवर आळ घेतो. मीही घेतला.

पहिल्या वर्षी साबण दुप्पट केला. चिकटपणा वाढला. दुसऱ्या वर्षी माझ्या दिराने कॉस्टिक वाढवून पाहिलं. कामगार बायकांच्या हातांची सालं निघाली आणि थर होता तिथेच. मग शॅकचं तेल घेणंच बंद केलं, फक्त गाड्यांचं पामतेल घेतलं. तरीही तेच. इथे खरं तर ट्यूब पेटायला हवी होती.

पेटवली ती शेडमध्ये दुपारचं जेवण करणाऱ्या मावशींनी. त्या कधीच्या म्हणत होत्या, "ह्या उदकान दाळ शिजना गो, बाये." मी हसून सोडून द्यायची. डाळ जुनी असेल, गॅस मंद असेल. एका दुपारी त्यांनी दुसऱ्या एका विहिरीची घागर आणून त्यात डाळ शिजवून दाखवली. त्याच डब्यातली तूरडाळ, तोच गॅस, आणि ती मेणासारखी मऊ. शेडची विहीर फेब्रुवारीअखेर तळाला जाते आणि आम्ही बोअरवर येतो, तो कमी पडला की टँकरवर. जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात, डाळ शिजत नाही हे कोकणातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. जड पाण्यात साबणही मरतो, हे शाळेत शिकले होते आणि सोयीस्करपणे विसरले होते.

आधी तीन बाटल्यांची चाचणी करा

तेल बदलण्याआधी, कॉस्टिक वाढवण्याआधी, कुणाला शिव्या देण्याआधी ही चाचणी करा. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, एक लिटर आणा. चमचाभर साबण कपभर गरम बॅटरीच्या पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. पाण्याच्या तीन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत पाव लिटर बॅटरीचं पाणी, दुसरीत पाव लिटर तुमच्या टाकीचं पाणी. तिसरीतही टाकीचंच पाणी, पण त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास ठेवलेलं आणि वरचं निवळ ओतून घेतलेलं. प्रत्येकीत विरघळवलेला साबण एकेक चमचा. झाकण लावून वीस वेळा हलवा, पाच मिनिटं ठेवा.

पहिलीत फेस टिकला आणि पाणी स्वच्छ राहिलं, दुसरीत फेस बसला आणि दह्यासारखे कण तरंगले, तर साबण निर्दोष आहे, पाणी गुन्हेगार आहे. तिसरीत फेस टिकला तर उपाय तुमच्या हातात आहे आणि स्वस्त आहे. तिसरीतही कण आले तर पाण्यात मॅग्नेशियम जास्त, म्हणजे बहुतेक खाडीचं पाणी आत शिरलेलं. त्याचं पुढे सांगते. आणि पहिलीतच, बॅटरीच्या पाण्यातच, गढूळपणा दिसला आणि वर तेलाचे डोळे आले, तर मात्र साबण बनवण्यात चूक आहे. तीही पुढे येईल.

किती जड ते मोजायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचं किट मिळतं. गोव्यात आणखी सोपं आहे: हॉटेलवाले स्विमिंग पूलसाठी ज्या पट्ट्या वापरतात त्यात बहुधा जडपणाचाही रंग असतो. ओळखीच्या माळ्याकडून दोन पट्ट्या मागून घ्या. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. मीठ आणि जडपणा यांतला फरक त्याला कळत नाही.

पाणी साबण किती खातं

साबण म्हणजे मेदाम्लाचं (तेलातून सुटणाऱ्या आम्लाचं) सोडियम किंवा पोटॅशियमचं लवण. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते मेदाम्ल ओढून घेतं आणि त्याचा न विरघळणारा साबण बनतो, तोच तो राखाडी लोण्यासारखा थर. हा थर मळ काढत नाही. उलट स्वतःच प्लास्टिकला जाऊन बसतो. प्लास्टिक तेलकट गोष्टींना जवळचं आणि पाण्याला परकं, त्यामुळे तो पाण्यात राहण्यापेक्षा चुऱ्यावर बसणं पसंत करतो.

हिशेब असा: जडपणा लिटरला जितके मिलिग्रॅम, त्याच्या सुमारे सहापट साबण आधी मरतो. आमच्या बोअरचं पाणी एप्रिलमध्ये मोजलं तर चारशेच्या आसपास भरलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोनशे ही चांगली मर्यादा धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी पिण्याच्या दृष्टीने फार वाईट नव्हतं. पण आमच्या ५०० लिटरच्या टाकीत त्याचा अर्थ २०० ग्रॅम जडपणा, आणि तो सहापटीने १२०० ग्रॅम साबण गिळतो. आम्ही टाकत होतो एक किलो. म्हणजे धुलाई सुरू व्हायच्या आधीच टाकीत साबण शून्य आणि चिकटा मात्र किलोभर. साबण दुप्पट केला तेव्हा आठशे ग्रॅम कामाला लागला असेल, पण चिकटाही दोनशे ग्रॅमने वाढला. "साबण वाढवला की चिकटपणा वाढतो" हे कोडं असं सुटलं.

पावसाळ्यात आमची विहीर तुडुंब असते. जांभ्याच्या जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी, मऊ. म्हणून जूनपासून सगळं झकास. तेलाचा त्यात काही हात नव्हता.

खाडीच्या बाजूला दुसरी भानगड. मांडवी-जुवारीत भरतीचा परिणाम सुमारे ५० किलोमीटर आत जातो, शापोरा लहान असली तरी पाऊस संपला की तिच्यातही खारं पाणी वर सरकतं. मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतल्या जमिनीत बोअर खोदला असेल तर उन्हाळ्यात त्याला किंचित खारटपणा येऊ शकतो. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला सहा हजार मिलिग्रॅमच्या वर असतो. गोड्या पाण्यात शंभरात पाच भाग समुद्र मिसळला की फक्त त्यानेच तीनशेच्या वर जडपणा येतो. चव घेऊन फार खारट लागणार नाही, साबणाला मात्र लगेच कळतं.

उपाय, क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो सोडू नका. आधी पाण्यात धुण्याचा सोडा, मग वाट पाहायची, मग साबण. उलट केलंत तर तयार झालेला कॅल्शियमचा थर सोड्याने सहज विरघळत नाही. आमच्या दिराने नेमकं उलट केलं होतं, आणि "सोड्याने काही होत नाही" असा निष्कर्ष काढून सोड्याची गोणी कोपऱ्यात टाकली होती.

प्रमाण: जडपणाच्या वजनाइतका कोरडा सोडा आणि वर थोडा. आमच्या ५०० लिटरला, चारशे जडपणाला, २०० ग्रॅम जडपणासाठी २१२ ग्रॅम लागतो. आम्ही २५० टाकतो. बाजारात खड्यांच्या रूपात मिळतो त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तो घेतला तर साधारण पावणेतीनपट. बादलीभर गरम पाण्यात विरघळवून टाकीत ओता, बांबूने ढवळा, तासभर सोडा. तळाशी पांढरा गाळ बसेल. तळापासून वीतभर उंचीवर नळ बसवून घ्या, म्हणजे गाळ धुलाईत जात नाही. दोनशे रुपयांचा हा नळ आमच्या सगळ्या खर्चात सगळ्यात शहाणा ठरला.

खाडीकडचं पाणी असेल तर सोडा पुरत नाही, कारण तिथे मॅग्नेशियम जास्त असतं आणि ते सोड्याने अर्धवटच खाली बसतं. किंचित कॉस्टिक टाकून पीएच (पाणी किती आंबट किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) अकराच्या जवळ नेलं तर मॅग्नेशियमही ढगासारखं खाली येतं. पण पाण्यातलं मीठ कशानेच जात नाही. थोडं खारट असेल तर साबण तग धरतो, पण वाळलेल्या चुऱ्यावर मीठ राहिलं तर दाणेवाल्याच्या मशीनला गंज चढतो आणि तो तुमचा फोन उचलणं बंद करतो. अशा बोअरचं पाणी फक्त पहिल्या, साबणाविना धुलाईला वापरा. माती, साखर, कागद काढायला ते ठीक आहे.

खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो. जुने खलाशी समुद्राच्या पाण्यात अंघोळीला तोच वापरत. तेलघाण्याच्या तळाचा गाळलेला खोबरेल मिळत असेल तर तेलात चार-पाच किलोमागे एक किलो मिसळून पाहा. फरक पडतो. पण त्याला पोटॅश जास्त लागतं, हे लक्षात ठेवा.

आणि ज्या गोष्टीकडे आम्ही सगळ्यात उशिरा पाहिलं ती म्हणजे शेवटचं पाणी. साबणाच्या टाकीतलं पाणी मऊ केलं, खूश झालो, आणि चुरा उचलून सरळ बोअरच्या जड पाण्यात खळबळला. चुऱ्याला लागून आलेला साबण तिथेच फाटला आणि परत तोच पापुद्रा. म्हणजे साबणाची टाकी आणि तिच्या पुढचं पहिलं खळबळण, ही दोन्ही पाणी मऊच हवीत. त्यानंतर खारट सोडून कुठलंही चालतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी फेकू नका, पुढच्या घाण्याच्या, म्हणजे पुढच्या खेपेच्या, सुरुवातीच्या धुलाईला वापरा. पाणी उलट्या दिशेने मागे मागे न्यायचं, स्वच्छाकडून घाणीकडे.

मऊ पाणी सगळ्यात स्वस्त आभाळातून मिळतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर पत्र्यावर तीन लाख लिटर. जूनची पहिली दोन-चार पाणी सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. एवढं साठवायला आपल्याकडे टाकी नाही हे खरं, पण गरजही नाही. फक्त साबणाच्या टाकीला आणि एका खळबळण्याला लागेल इतकंच साठवायचं.

बॅटरीच्या पाण्यातही साबण फाटला तर

मग चूक कढईत आहे. बहुतेक वेळा ती पाककृतीत असते. अंघोळीच्या साबणाची पाककृती घेतली की त्यात पाच टक्क्यांच्या आसपास तेल मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं, त्वचा कोरडी पडू नये म्हणून. चुऱ्याला त्वचा नाही. ते शिल्लक तेल सरळ प्लास्टिकवर बसतं.

दुसरी चूक म्हणजे एका तेलाचं प्रमाण दुसऱ्याला लावणं. एक किलो पामतेलाला शुद्ध कॉस्टिक पोटॅश सुमारे २०० ग्रॅम लागतं, सूर्यफूल तेलाला १९० च्या आसपास, खोबरेलाला २५० च्या वर. दुकानातलं पोटॅश नव्वद टक्क्यांच्या आसपासच शुद्ध असतं, त्यामुळे आकडा ०.९ ने भागावा लागतो. दहा किलो मिश्र तळणीच्या तेलाला आम्ही सव्वादोन किलोच्या जरा खालून सुरू करतो. पण तेल आधी तोला, आणि पाणी व गाळ काढल्यावर तोला. शॅकच्या डब्यात खाली चार बोटं पाणी आणि रवा असतो. त्याचं वजन तेल म्हणून धरलं तर पोटॅश जास्त होतं.

तेल साफ करायला तितक्याच पाण्यात अर्धा तास उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी खालचं काळं पाणी सोडून द्या, वरचं तेल जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. मीठ, हळद, जळकट बरंच निघून जातं. हळद उरली तर पोटॅश टाकताच तेल लालबुंद होतं. घाबरू नका, ती हळदीचीच करामत आहे.

साबण झाला का ते पाहायला सुपारीएवढा गोळा गरम बॅटरीच्या पाण्यात विरघळवा. पाणी चहासारखं पण पारदर्शक राहिलं तर झाला. दुधट झालं तर तेल उरलंय: मंद आचेवर आणखी शिजवा, आणि तासाभराने पुन्हा दुधटच असेल तर चमचा-चमचा पोटॅशचं पाणी घाला. एकदम ओतू नका. पोटॅश नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी पोटॅशवर कधीच नाही. उडून डोळ्यात जातं. आणि ॲल्युमिनियमचा टोप नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि खाली चूल पेटलेली असते. चुलीवर स्टीलचं पातेलं, आणि पोटॅश विरघळवायला तेच किंवा जाड एचडीपीईची बादली.

कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅश का, असा प्रश्न येतो, पोटॅश महाग पडतं म्हणून. कॉस्टिक सोड्याचा पामतेलाचा साबण थंड पाण्यात जेलीसारखा गोठतो आणि चुऱ्यावर तसाच बसतो. पोटॅशचा सहज विरघळतो आणि सहज निघतो. तरी धुलाई ६० अंशांच्या आसपास ठेवा, आणि पहिलं खळबळणही कोमट.

आगळाच्या बाटल्या

हे फक्त आमच्याकडचं असेल, पण लिहिते. भंगारात कोकमाच्या आगळाच्या (खारवलेल्या रसाच्या) बाटल्या येतात, खूप येतात. आगळ चांगलंच आंबट, त्यात वर मीठ. साबण आंबटात टिकत नाही. पीएच नवाच्या खाली घसरला की तो पुन्हा मेदाम्ल होऊ लागतो आणि पाणी दुधट, तेलकट होतं. पाणी मऊ असूनही एक घाणा चिकट निघाला तेव्हा शोधलं तर पंचवीस किलो आगळाच्या बाटल्या न विसळता त्यात गेल्या होत्या. शीतपेयांच्या बाटल्यांचंही तेच, पण कमी. विसळून, निथळून मगच घ्या आणि टाकीत दर घाण्याला पीएचची पट्टी बुडवा. दहाच्या आसपास असेल तर उत्तम.

याच कारणाने शेवटच्या पाण्यात लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घालून "चमक आणायची" युक्ती करू नका. चुऱ्यावर साबण उरलेला असेल तर त्याचं तिथेच मेण होतं.

मात्र बिघडलेला माल वाचवायला हेच ॲसिड उपयोगी पडतं. कॅल्शियमचा थर बसलेला चुरा ६० अंशांच्या पाण्यात, लिटरला दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून पंधरा-वीस मिनिटं घुसळा. कॅल्शियम सुटतं, मागे मेदाम्ल उरतं आणि चुरा आणखीनच तेलकट लागतो. हे घडणारच. पाणी काढून टाका, मऊ पाण्याने एकदा विसळा, आणि मग गरम मऊ पाण्यात लिटरला दहा ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पुन्हा घुसळा. मेदाम्लाचा साबण होऊन तो निघून जातो. आम्ही परत आलेल्या गोण्या अशा वाचवल्या. सगळ्या नाही. एचडीपीईमध्ये मुरलेला वास गेला नाही.

त्या वासाबद्दल: एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन (झाकणांचं प्लास्टिक) तेलकट वास शोषून घेतात, पेट त्यामानाने कमी. म्हणून मासे तळलेल्या तेलाचा साबण आम्ही फक्त पेटला वापरतो आणि कॅनला भज्यांच्या तेलाचा. पिंपावर खडूने माशाचं चित्र काढलंय, कारण लिहिलेलं कुणी वाचत नाही.

धुतलेला चुरा पास की नापास ते असं पाहते: मूठभर चुरा बॅटरीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, हलवायचं. फेस आला तर साबण उरलाय. पीएचची पट्टी आठाच्या वर गेली तर अल्कली उरली. पेटला अल्कली उरलेली फार महागात पडते, पावणेतीनशे अंशांवर वितळताना ती पिवळी पडते आणि ठिसूळ होते.

फेसावरून आठवलं. साबणाच्या टाकीतून चुरा सरळ तरंगवायच्या टाकीत घेऊ नका. पेट पाण्यापेक्षा जड, बुडायला हवी. झाकणं आणि कॅन हलके, ते तरंगतात. पण फेसाचे बुडबुडे पेटच्या तुकड्यांना चिकटून त्यांना वर आणतात आणि झाकणांत पेट मिसळते. मध्ये एक खळबळण हवंच.

वापरलेलं पाणी खाडीत, शेतात, खाजनात (खाडीलगतच्या बांध घातलेल्या जमिनीत) सोडू नका. पुनर्चक्रण करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते आणि सांडपाण्याचं काय करता हे तिथे विचारतातच. आम्ही साबणाचं मेलेलं पाणी वेगळ्या टाकीत घेतो आणि त्यात कळीचा चुना टाकतो. चुना म्हणजे कॅल्शियम. दोन उन्हाळे ज्याने छळलं तेच इथे कामाला येतं: उरलेला सगळा साबण मळ आणि बारीक प्लास्टिकसकट फाटून साय धरतो, साय काढून वाळवायची, खालचं पाणी कापडातून गाळून सुरुवातीच्या धुलाईला घ्यायचं. साबणाच्या टाकीत मात्र हे पाणी चुकूनही जाऊ देऊ नका, चुन्याने ते जड झालेलं असतं. आमच्याकडे एकदा गेलं, आणि जुलैत चुरा चिकटला.

अजून न जमलेली एक गोष्ट: काही बाटल्यांवरची लेबलं अशा गोंदाने लावलेली असतात की तेलाचा साबण त्याला हात लावू शकत नाही, कितीही गरम केलं तरी. त्याला ८० अंशांच्या वर कॉस्टिकच लागतं. तेवढी उष्णता आमच्या शेडमध्ये नाही. त्या बाटल्या मावशी आणि दोघी पोरी बसून वेगळ्या काढतात आणि त्या न चिरडता तशाच पुढे मोठ्या युनिटला जातात. भाव कमी मिळतो.